तांबड्या पावल्या

हे बघा बाई, दुकान तुमचं नवं,
मशीन मात्र माझं, आणि जुनं.
करार तोच : पेटीत पडेल त्यातलं निम्मं तुमचं,
रबर, बल्ब, फ्यूज माझ्याकडे,
वीज तुमच्याकडे.

आधी ते तिथून हलवू.
संडासाच्या बोळात कोण उभं राहणार?
दाराशी ठेवू, कोटांच्या खुंट्यांपाशी.
बुटांचा बर्फ आपटत माणूस आत आला
की आधी त्याला तो उजेड दिसायला हवा, मग तुम्ही.
राग मानू नका. पस्तीस वर्षं हेच करतोय
डुलुथपासून कॅनडाच्या नाक्यापर्यंत,
लेक सुपिरिअर उजव्या हाताला ठेवून जायचं,
डाव्या हाताला ठेवून परत.

काच रोज पुसा.
मळक्या काचेखाली कुणी पैसे टाकत नाही.
फ्लिपर ढिला वाटला तर फोन करा, रात्री दोनलाही चालेल,
पण स्वतः स्क्रू फिरवू नका.
सुलो कांगासने फिरवला होता एकदा,
चेंडू तीन दिवस आतल्या आत फिरत राहिला, असं सांगायचा.
थापाड्या. हिशेबाला मात्र चोख.

आता हा लंबक बघा, आत, पेन्सिलीएवढा.
कुणी मशीनला धक्का मारला
की हा कडीला टेकतो, आणि खेळ तिथेच मेला.
किती धक्का चालवून घ्यायचा ते मी ठरवतो,
या एका पेचावर.
शाळेजवळ घट्ट. बोलिंगच्या हॉलमध्ये मध्यम.
इथे सैल.
खनिजाच्या गोदीवरून सुटून येतात माणसं,
त्यांना काहीतरी ढकलायला लागतं.

चला, पेटी उघडू.
तुमच्यासमोरच, मागाहून कटकट नको.
एकशे चौसष्ट पावल्या.
एक्केचाळीस डॉलर, साडेवीस तुमचे.
जानेवारीच्या मानानं वाईट नाही.
दोन वायसर, ते कुणीतरी हुशारीनं टाकलेत.
एक कॅनडाची, शिंगाळ्या हरणाची.

आणि या अकरा, तांबड्या.
या मोजायच्या नाहीत.

हा रंग सुलोच्या बायकोच्या नखांचा, हेल्मीचा.
धंद्यातली जुनी रीत आहे :
मशीन गप्प पडलं की मालकानं एक तांबडी
कुणाच्या तरी हातात द्यायची, खेळ म्हणायचं.
एक वाजवायला लागला की दुसरा उठतो.
गप्प मशीनकडे कुणी जात नाही, बाई,
हे मला कंपनीनं नाही शिकवलं.
पेटीतून निघालेली तांबडी मी न वाटता परत करतो.
घरचा पैसा घरी.

सुलो सढळ वाटायचा.
दुकान रिकामं असो की भरलेलं.
पावली कमी आहे त्याची, म्हणायचं गाव.

त्याला जाऊन दहा आठवडे झाले.
हेल्मी मुलीकडे गेली, फार्गोला.
तुम्ही ताबा घेईपर्यंत भाचा बघत होता,
त्याला हा रंग नखाचा की गंजाचा
हेही माहीत नव्हतं.
म्हणजे पेटीत तांबड्या पडायला नकोत.

डिसेंबरात एकोणीस निघाल्या.
मग चौदा.
आज या.

कुणाला तरी मूठभर दिल्या असणार जाता जाता,
आणि ते माणूस जपून जपून काढतंय.
कोण, ते मी विचारलेलं नाही.
रात्रीचा बर्फ ओढणारा ट्रक
मंगळवारी तुमच्या दारात थांबतो, इंजिन चालू ठेवून,
एवढं आपलं मला येता-जाता दिसलं.

हा घ्या कॉफीचा डबा.
परत द्यायला कुणी नव्हतं म्हणून माझ्या गाडीत होता.
आजच्या धरून चव्वेचाळीस.
माझ्या नाहीत.
तुमच्या तरी कशा म्हणू?
सुलो गल्ल्यात उजवीकडच्या कप्प्यात ठेवायचा,
बटणांच्या शेजारी.

इथे सही करा. साडेवीससमोर.
आणि काच. काच विसरू नका.