भोकांची यादी

दिवाळ्याच्या धक्क्याशी बसने आम्हाला उतरवलं:
एकवीस पोरं, सात टेप,
उन्हात आकडाच न दाखवणारं एक लेझर,
आणि हजेरीची वही घेऊन मी.
पाठीमागे बेलापूरच्या काचा,
पुढे ओहोटीचा चिखल
आणि त्या दोहोंच्या मध्ये जाळ्यांची खोली,
कौलं अर्धी, पत्रा अर्धा.

चांगुणाबाईंनी कुलूप काढलं.
"बगा काय बगायचा त्यो. पन जाल्यात पाय नका घालू."

विषय: लाकडी बांधकाम आणि पुनर्वापर. गुण पन्नास.
सोसायटीला खोली पाडायची आहे,
बर्फाच्या पेट्यांना स्लॅब हवा.
का पाडू नये, ते आम्ही सांगायचं,
तेही आकड्यांत.

शर्विल खांब मोजतो नि ओरडतो,
"सर, खाली नऊ इंच, वर साडेआठ, कुठलं लिहू?"
दोन्ही लिही, बाबा.
फरहीन वासे वाजवत फिरते,
बाजारात कलिंगड वाजवावं तसे.
भरीव. भरीव. पोकळ.
हा वाळवीने खाल्लाय, सर, नुसता रंग उभा आहे.

मधली तुळई मात्र कुणालाच जुळेना.
बाकी सगळं ओळंब्यात, हिच्या पोटाला बाक,
आणि वीतभर अंतराने भोकं, तिरकी,
काही खुंट्या ठोकून बुजवलेली, काही उघडीच.
एकात कुंभारणीने मातीचं घर बांधलेलं.
ना तिथे कडी बसते, ना कैचीचा पाय.
"सर, ड्रॉइंगमध्ये यांना कारणच नाही."

पांचाळ मिस्त्रींना मी तुर्भ्याहून बोलावलं होतं.
त्यांच्या वखारीत नुसती दारं उभी असतात,
घरं नसलेली, कड्या लावलेली.
ते शिडी चढले,
भोकात अंगठा घातला, नखाने खरवडलं, हुंगलं.
"राळ," म्हणाले.
"ही तुळई नाही, मास्तर. ही आधी पाण्यात होती."

खाली चांगुणाबाई जवळा निवडत होत्या,
मान वर न करता बोलल्या,
"त्यो पठान हाय. आमचे सासऱ्याचे मचव्याचा.
खडपावर फुटला. वाकं चुलीत गेली,
फल्या कोंबऱ्यांचे खुराड्याला.
पठान कोन जालील?"

सगळे वर बघत राहिले.
"म्हणजे आपण आत्ता पाण्याखाली आहोत,"
कुणीतरी मागून म्हणालं,
आणि वर्गात हसतात तसं कुणी हसलं नाही.

सतरा वर्षं मी पुनर्वापर शिकवतोय.
माझ्याकडे त्याची स्लाइड आहे,
हिरवे बाण गोल फिरतात.
तिच्यात चूल नव्हती.
कोंबड्या नव्हत्या.
न जाळता ठेवून दिलेलं काही नव्हतं.

मिस्त्रींनी तेवढ्यात मनात भाव काढला होता.
"एवढा लांब साग आता मिळत नाही, बाई.
रोख देतो, आज."
"आन खोली काय मंग
या पोरांचे टेपावर उभी ऱ्हाईल?"
मिस्त्री हसले, शिडीवरून उतरले,
पण उतरता उतरता त्यांनी तुळईवरून हात फिरवला,
गिऱ्हाइकाचा नव्हे.

अहवाल दिला. चौसष्ट पानं,
वाचलेल्या सिमेंटचा हिशेब, कार्बनचा तक्ता.
सोसायटीची सभा अमावास्येनंतर;
अध्यक्ष म्हणाले, "पानं बरीच हायत."
काय होईल, सांगता येत नाही.

फरहीनने शेवटी भोकांची यादी जोडली आहे.
त्रेचाळीस भोकं, प्रत्येकाला क्रमांक,
व्यास, खोली, तिरकेपणा अंशांत,
आणि शेवटचा रकाना: उपयोग.
सध्या नाही. सध्या नाही. सध्या नाही.
मी लाल पेन घेऊन पान भरभर उतरत होतो,
एकोणिसाव्यापाशी थांबलो.
तिथे लिहिलंय:
कुंभारीण. वापरात.