नंतर

नंदुरबारात माघाच्या सुमारास संगणक उघडला
की आधी शिंक येते.
पंख्याच्या पात्यांवर तांबडी धूळ,
पथारींवरून उडालेली.
बाजार समितीपासून माझ्या दुकानापर्यंत
तिला कुणी पासवर्ड विचारत नाही.

आज टेबलावर तिघं.

सुपडूआप्पांचं विंडोज सेव्हन,
आडतीचा सात वर्षांचा हिशोब पोटात घेऊन गप्प.
'अपडेट करायचं का?'
असं त्यानं किती वेळा विचारलं असेल!
आप्पा दरवेळी 'नंतर' दाबत गेले,
दारात आलेल्या वसुलीवाल्याला सांगावं तसं.
मग परवा 'मिरची भाव' नावाची फाइल आली.
आडत्याला भावाची चिठ्ठी आली
तर तो उघडणार नाही का?
आता पडद्यावर लाल चौकट,
खंडणीची रक्कम कुठल्याशा न दिसणाऱ्या नाण्यात,
खाली उलटे पळणारे तास.
आप्पा विचारतात, "भो, ते नानं आठे कोठे भेटस?"

शेजारी डॉक्टर निकुंभांचं मॅक,
दोन्ही हातांनी ठेवून गेलेत, अंगावरून उतरवल्यासारखं.
त्याला काहीच झालेलं नाही.
आत येणाऱ्या प्रत्येकाची झडती घेतं ते,
कडीकोयंड्यावर ओरखडासुद्धा नाही.
फक्त फोनवर कुणीतरी गोड बोललं,
आणि डॉक्टरांनी ते सहा आकडे
स्वतः वाचून दाखवले,
चष्मा लावून, सावकाश, दोनदा,
गोळ्यांच्या वेळा सांगतात तसे.

आणि गोधडीत गुंडाळून जीपनं आलेलं
मोलगीच्या आश्रमशाळेचं लिनक्स.
मीच चढवलं होतं.
वळवी सरांना छाती फुगवून म्हणालो होतो,
याचा कोड साऱ्या जगाला उघडा आहे सर,
भोक पडलं तर हजार डोळ्यांना दिसतं.
सर म्हणाले, "आणि कुणी पाहिलंच नाही तर?"
मी चहा मागवला होता.

त्याचा पासवर्ड वर्गाच्या भिंतीवर गेरूनं लिहिलाय.
चाळीस पोरं, एक संगणक.
सेवंती नावाच्या मुलीनं
त्या आकड्यांभोवती कोंबड्या काढल्यात, सर सांगत होते.
आज कॅबिनेट उघडलं तर आत
उंदराचं घरटं,
कापसाचं, पाठ्यपुस्तकाच्या चिंध्यांचं,
आणि कुरतडलेली केबल.
त्याला रूटची परवानगी लागली नाही.

भाचा शिकायला येतो, जितू.
ब्रशनं धूळ झाडता झाडता विचारतो,
"मामा, तिघांत सगळ्यात पक्कं कोणतं?"
पंधरा वर्षं मी याचं उत्तर देत आलोय,
गिऱ्हाईक बघून,
त्याचं पाकीट बघून,
कधी माझं बघून.
आज शिंकच आली.

कारण ड्रॉवरमध्ये माझी निळी वही आहे.
तीत आप्पांच्या नातीचं नाव आणि तिचं जन्मसाल,
तीत निकुंभांच्या बुलेटचा नंबर,
पतसंस्थेच्या मॅनेजरनं बायकोलाही न सांगितलेला शब्द,
माझ्या वाकड्या अक्षरात.
विसरतात, म्हणून लिहून ठेव म्हणतात.
विंडोज काय, मॅक काय,
अर्ध्या गावाची दारं
माझ्याकडे नुसती लोटलेली.
शटरची दुसरी किल्ली भिकन चहावाल्याकडे,
साखरेच्या डब्याखाली.
त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

संध्याकाळी आप्पा आले.
हिशोब गेला, म्हणालो,
मागच्या दिवाळीपर्यंतचा तेवढा वाचला,
तुमच्या मुलानं पेनड्राइव्हवर घेतला होता, गाण्यांसोबत.
आप्पा बराच वेळ गोण्या मोजल्यासारखे
बोटांवर काहीतरी मोजत राहिले.
मग मी वहीतलं त्यांचं पान फाडलं,
घडी करून हातात दिलं.
आप्पा, हे तुमच्याजवळ ठेवा.

त्यांनी पान उलटसुलट पाहिलं,
माझ्या खिशात परत कोंबलं.
"तुनाजोडेच ऱ्हाऊ दे भो.
मी इसरी जास."

फाटलं पान वहीत ठेवलं,
वही ड्रॉवरमध्ये.
ड्रॉवरला कुलूप नाही.
बसवून घ्यायला हवं एकदा, असं मनात आलं,
आणि मी
'नंतर' दाबलं.