स्पार्क आहे

ऐरोली, सेक्टर आठ. स्टिल्टखाली सहा वर्षं
तीन नंबरच्या खांबाला खेटून उभी झेन.
धुळीवर कुणीतरी बोटानं लिहिलेलं
‘धुवा’, त्यावर परत धूळ.

रबाळ्याहून लियाकत मेस्त्री आले,
बॉनेटमध्ये डोकं घालून आधी नुसतेच हुंगत राहिले.
एअर फिल्टरमधून निघालं उंदराचं घरटं:
सीटचा कापूस, सोसायटीच्या नोटिशीचे तुकडे,
‘थकबाकी’ एवढा शब्द शाबूत.

नायरांच्या गाडीवरून करंट घेतला.
"मारा सेल्फ, ताई."
क्लचपर्यंत पाय पुरेना.
सीटच्या अगदी काठावर बसून मारला.
टक. मग घर्रर्र, घर्रर्र, आणि तेच.

प्लग काढून इंजिनाला टेकवून धरला:
निळी ठिणगी.
"स्पार्क आहे," म्हणाले,
भाजीवाला "कोथिंबीर आहे" म्हणतो तसं.

"आता मागे कान लावा, मी चावी फिरवतो.
पंप दोन सेकंद गुणगुणतो."
मागच्या सीटवर गाल टेकवला.
चावी फिरली.
वर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. बाकी काही नाही.

टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं. रंग कोऱ्या चहाचा,
वास लाकडाच्या पॉलिशचा.
"कधी भरलेलं?"
तारीख माहीत होती मला. सांगितली नाही.
"ह्यांनी भरलेलं," एवढंच म्हटलं.

मेस्त्रींनी हात पुसले,
वाकून ड्रायव्हर सीटखालच्या दांडीवर
तेलाचे दोन थेंब सोडले.
"पुढे घेऊ का? तुमचा पाय पुरेल."

"आधी पंप बघा," म्हटलं.