अर्धा मिलिग्रॅम

सकाळी आठ आणि रात्री आठ.
आमच्या घरातलं घड्याळ या दोनच वेळा सांगतं,
बाकी दिवसभर ते नुसतं भिंतीवर असतं.

आमोस नऊ वर्षांचा.
पोटात उजवीकडे त्याच्या बापाचं मूत्रपिंड,
हात लावला की लागतं कातडीखाली, बटाट्यासारखं.
ते परकं आहे हे अंगाला कळू नये
म्हणून या गोळ्या.
पोराच्या अंगाशी खोटं बोलायचं, रोज, वेळेवर.

पहिल्या औषधानं गाल फुगले.
दुसऱ्यानं हिरड्या दातांवर चढल्या, पाठभर लव आली.
वर्गातल्या सान्नीनं विचारलं, तू अस्वल होणार का?
हो, म्हणाला, हिवाळाभर झोपणार.
मग तेही बदललं. आता हात थरथरतो,
नाव लिहिताना अक्षरांना जास्तीचे पाय फुटतात.

केमीत आम्ही अर्धं वर्ष सूर्याची वाट बघतो.
जूनमध्ये येतो तो मावळतच नाही,
सगळं गाव उघड्या अंगानं बंदरावर,
आणि मी रात्री अकराला पोराला मलम फासते,
बाह्या मनगटापर्यंत ओढते.
अकराला कसलं ऊन, याल्मारी म्हणतो.
कातडीचं भय आहे, डॉक्टर म्हणाल्या होत्या,
पुढे, मोठेपणी.
हे दोन शब्द मी जपून ठेवलेत.
भय असू दे. त्यात मोठेपण तरी आहे.

गुरुवारी सॉनात त्याची मान चोळताना
बोटाला काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं.
मी बोलले नाही.
पुन्हा एकदा तिथूनच हात फिरवला.
होतं.

ओउलूला डॉक्टर हॅर्कोनेन खुर्ची जवळ ओढून बसल्या.
उभ्यानं सांगतात ते बरं असतं, एवढं मला आता कळतं.
एक साधा विषाणू, म्हणाल्या, कुणाच्याही अंगात असतो,
कुणी अडवलं नाही की गाठी धरतो.
औषध कमी करून बघू.
आणि मूत्रपिंड?
तेही बघू.
खिडकीबाहेर एक माणूस बर्फ खरवडत होता,
गाडीची फक्त एकच काच.

रात्री आठ.
डबीतून एक कॅप्सूल मी बाजूला काढली.
फिकट पिवळी, भाताच्या शितापेक्षा जराशी मोठी.
टेबलावर राहिली ती, मिठाच्या भांड्याजवळ.

ही कुणाची? आमोसनं विचारलं.

याल्मारीचा हात शर्टावरून डाव्या कुशीकडे गेला,
जिथं आता काही नाही.