खरखर

मे महिन्यात सिंदेवाहीला
रुबिडियमची नळी तापवायला वेगळा हीटर लागत नाही.
शेहेचाळीस अंश.
काचेच्या आत धातू आपोआप उडतो,
दिसत काहीच नाही.

लेसर वडशाच्या डेकोरेशनवाल्याकडचा,
मोडक्या सीडी प्लेअरमधून काढलेला. सातशे ऐंशी नॅनोमीटर.
इतकी वर्षं वरातीची गाणी वाचत होता,
आता अणूंसमोर उभा केलाय
तर थरथरतोय.

दोन वर्षं मी ती थरथर मारत होते.
टेबलाखाली ट्रॅक्टरची ट्यूब, भोवती थर्माकोल,
खिडकीच्या फटीत रद्दी,
बोकडेंच्या राईस मिलचा हलर थांबेपर्यंत ताटकळून
रात्री अकराला प्रयोग.
तरी पडद्यावर, निंदण न झालेल्या बांधीसारखं,
गवतच गवत.

लहानू सिडाम, आमचे प्रयोगशाळा परिचर.
कॉलेजात लागण्याआधी एकोणीस वर्षं त्याच मिलवर.
धान ओला की वाळलेला
हे भिंतीपलीकडून सांगत, हलरच्या आवाजावरून.
एका दुपारी लाईट गेली, लेसर बॅटरीवर.
म्हणाले, "स्पीकर लावून पाहा ना जी.
एवढं गवत उपटता, त्याचं ऐकलं का कधी?"

लावला.
खर्र्र. पत्र्यावर तांदूळ ओतावा तसं.
मी करंट केसाकेसानं फिरवत नेला.
रंग जरा इकडे सरकला की अणू जास्त गिळतात,
तिकडे सरकला की सोडून देतात,
म्हणजे लेसरची थरथर
नळीतून बाहेर पडते ती उजेडाचे हेलकावे होऊन.
हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

"थांबा," लहानूभाऊ म्हणाले. "वाढला."
डोळे मिटलेले, तळवा टेबलावर.
"आता पडला."
आणि थोड्या वेळानं, "पुन्हा वाढला जी."

मी वहीत दोन उंचवटे काढले, मधे खळगा.
रेषेच्या ऐन मध्यावर
कितीही थरथरा, उजेड फारसा हलत नाही.
तिथं खरखर बसते.
त्या खळग्यापाशी पेन्सिल ठेवून
मी बराच वेळ काही लिहिलं नाही.

मग लाईट आली.
पंखा, फ्रीज, पलीकडचा हलर, सगळं एकदम.
स्पीकर त्यात बुडून गेला.
लहानूभाऊ उठले,
खिडकीच्या फटीतली रद्दी एकेक करून ओढून काढली,
कान बाहेर लावला.

"ओलाच आहे आजचा," म्हणाले.