प्रकरण एकोणचाळीस

नेल्सन, लँकाशायर. दुपारचे साडेतीन, आणि अंधारून आलेलं.
मिसेस ॲस्पिनॉलच्या पायांना मलम लावून झालं
की मी कादंबरी उघडते. आवाज न काढता वाचते.
चौदाव्या वर्षी ती मागावर उभी राहिली,
तिशीच्या आत कान गेले.
त्या गोंगाटात बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणं उचलायच्या,
ते तिनं अजून ठेवलंय.
माझ्या तोंडावर डोळे रोवून
ती दीडशे वर्षांपूर्वीची पोर ऐकते:

टॅबिथा. कालव्याच्या फाटकवाल्याची पोरकी मुलगी.
मावशीचे टोमणे, शाळेतली गार लापशी,
आणि हळूहळू, साडेपाचशे पानं घेऊन,
शहाणी होणं.

आमच्याकडे पोरगी एका दिवसात शहाणी होते.
कावळा शिवला म्हणतात, कोपऱ्यात बसवतात,
वेगळं ताट, वेगळी चटई.
माझ्यावर कुणी अर्धं पानही खर्चलं नाही.
हे तिला सांगितलं, तर म्हणाली,
'मला आईनं कात्री दिली. आणि डब्यात पाव.'

मग आलं एकोणचाळिसावं प्रकरण.
टॅबिथाचा काका वारला, एका वाक्यात:
कापसाचा व्यापारी, हिंदुस्थानात, तापानं.
गावाचं नाव असं काही छापलेलं
की दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा.
हिंगणघाट.
जिथं माझी आत्या जिनिंगमध्ये रुई गिळत
खोकून खोकून म्हातारी झाली.

काकाच्या पैशातून टॅबिथा घर घेते,
खिडक्यांना पडदे लावते, मावशीला क्षमा करते.
पैसा कुठला, कुणी विचारत नाही,
ती तर नाहीच. आणि हिच्यासाठी
मी गेल्या आठवड्यात बसमध्ये रडले होते.
अजून धड राग येत नाही. तेच खुपतं.

'थांबलीस का?'
मी नाव नीट उच्चारलं, आपल्यासारखं.
ओठांवर घ दिसत नाही.
'पुन्हा,' ती म्हणाली. 'पुन्हा.'
शेवटी हात उचलून तिनं माझ्या गळ्याला लावला,
वाकडी बोटं, गार, मलमाचा वास,
आणि मोठ्यानं, बेसूर,
माझ्या गावाचं नाव घेतलं.

मग बराच वेळ काही नाही.
'बाप सूतगिरणीतून गाठींचं गोणपाट आणायचा,
आई त्याचं पायपुसणं करायची.
त्यावर असलं काहीतरी लिहिलेलं असायचं.
पाय पुसून पुसून जायचं.'

एकशे दहा पानं उरलीत. टॅबिथाचं लग्न व्हायचंय.
उद्या माझी सुट्टी.
कोपरा दुमडू नकोस, म्हणाली ती,
पुस्तक लायब्ररीचं आहे.