बर्फ लिहिण्याच्या दोन रीती

सकाळी सहा चाळीसला तू छपरावर होतास,
फावड्याने बर्फ ओढत,
आणि मला शिवी हासडलीस,
शिडी नीट धरली नाही म्हणून.
बरं झालं.
दवाखान्यात जो तो तेवढंच विचारत होता:
शेवटचे धड कधी पाहिलेत?
सहा चाळीस, मी म्हणाले.
शिवी अगदी स्पष्ट होती.

सातला तुझ्या हातून वाटी निसटली.
मिसोचं सूप चटईभर,
आणि तू उजव्या हाताकडे बघत राहिलास,
शेजाऱ्याचा हात चुकून घरात आल्यासारखा.
ओठाचा कोपरा उतरला होता,
ओलीने कागद भिंतीवरून सुटतो तसा.

अकिताला एरवी चाळीस मिनिटं लागतात.
त्या दिवशी बर्फ सारणाऱ्या गाडीच्या मागून
सव्वा तास.

सासूबाई म्हणायच्या, अंगावरून वारं गेलं.
त्यांच्या वेळी वारंच जायचं.
अंथरूण घालायचं, दार लावायचं, बसायचं.
डॉक्टर मोनमाच्या पडद्यावर वारा नव्हता.
एक झाड होतं, डाव्या अंगाला,
आणि त्याची मोठी फांदी
मध्येच संपलेली.
मिनिटाला वीसेक लाख पेशी, ती म्हणाली.
मी सव्वा तासाचा गुणाकार केला नाही.

पण मेलेल्या भागाभोवती एक पट्टा असतो म्हणे,
मुका, उपाशी,
जिवंत.
हे मला लगेच कळलं.
आपण बर्फाखाली कोबी पुरतो.
वरून काही दिसत नाही,
खणणारा वेळेत यावा लागतो.

आधी गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून.
ते पुरलं नाही.
मग मांडीतून एक नळी,
पोटातून, छातीतून, मानेतून वर,
चौपन्न वर्षांत मीही केला नाही एवढा प्रवास तुझ्या आत.
जाळीत अडकून ती बाहेर आली.
डॉक्टरांनी बशीत दाखवली: काळपट, भाताच्या शितापेक्षा जराशी मोठी.
आणि मला आठवलं मुळ्याच्या लोणच्याचं पिंप,
दर हिवाळ्यात मुठीमुठीने मीठ घालणारा
माझा हात.
(तुझ्या गोळ्या तू ताटाखाली लपवायचास,
हेही नोंदवून ठेवते.)

तोगाशी नावाचा पोरगेला शिक्षक रोज कार्डं घेऊन येतो.
ध्वनीच्या अक्षरांत लिहिलेलं: यु, की.
तू बघतोस, मुंग्यांची रांग बघावी तसा.
मग चित्राचं एकच अक्षर.
"बर्फ," तू म्हणालास.
मोठ्याने! खोलीतले तिघं वळले.
त्या अक्षरांची वाट वेगळ्या गल्लीतून जात असावी,
तोगाशी म्हणाला, नक्की कुणालाच माहीत नाही.
जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यास,
तांदूळ, सुतार, मासळी, न्हावी,
ते सगळे अजून तुझ्याकडे आहेत.

माझं नाव नाही.
किसा. दोन ध्वनी, दोन अक्षरं.
बापाने मुलीवर चित्राक्षर खर्च केलं नव्हतं.
तू कार्ड उलटं धरतोस, सुलटं धरतोस,
मला परत देतोस.

डावा हात आता जाड मोज्यात बांधतात, दिवसाचे तीन तास,
उजव्याला आळस परवडू नये म्हणून.
मोज्यातला हात रागावतो, टेबलावर आपटतो.
उजव्यात ब्रश.
सोमवारी तू अर्धा तास एका अक्षराशी झटलास,
शाई कोपरापर्यंत,
खालचा फटकारा विसरलास की सोडलास, कळेना.
मग कागद माझ्याकडे सरकवलास
आणि बोट ठेवलंस माझ्या छातीवर.

शिडी.

शिवी घातलीस की नाव ठेवलंस,
मी विचारलं नाही.
धरलीय, म्हणाले.

रात्रीचं सूप तुला पाण्यासारखं लागलं.
वाटी डाव्या हाताने दूर ढकललीस.
मी ती उजवीकडे ठेवली.